त्यांच्या पावसाला नावं आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत हवाई बेटांवर लेख आला होता, फोटो मस्तच होते, पण तिथल्या गाण्यांवर एकच ओळ, की किनारा, चांदणं आणि हनिमूनचा मूड. वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहायला बसले.

आमच्या मामांकडे हवाईयन गिटार होती, मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची, म्हणून तर मींड इतकी सुंदर निघते. व्हॅन शिप्लींनी हिच्यावर हिंदी सिनेमातली गाणी वाजवली होती, मामा तीच वाजवायचे, पण शेवटी नेहमी 'आलोहा ओए'. शब्द कोणालाच माहीत नव्हते. अर्थ मी खूप उशिरा शोधला आणि थक्क झाले.

हे गाणं १८७८ मधलं, लिलिउओकलानी यांचं, त्या तेव्हा हवाईच्या राणी झालेल्या नव्हत्या. ओआहू बेटावर माउनाविली इथून घोड्यावरून परतताना दोघांची निरोपाची मिठी त्यांनी पाहिली आणि त्यातून ते सुचलं म्हणतात. पण सुरुवातीला ना तो आहे ना ती! पाऊस आहे, कड्यांवरून ऐटीत येणारा, रानात हळूच शिरून वरच्या डोंगरातल्या लेहुआ फुलाची कळी शोधणारा. आता हा पाऊस कोण आणि कळी कोण हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. या आडून बोलण्याला तिथे काओना म्हणतात, माणसाचं नाव घ्यायचं नाही, फूल, धुकं, वारा, पाऊस यांचं घ्यायचं.

आणि तिथे पाऊस म्हणजे नुसता पाऊस नसतो हो. ओआहूवरच्या मानोआ खोऱ्यातला तुआहिने, हिलोचा कानिलेहुआ, वाइमेआचा बोचरा गार किपुउपुउ, अशी शेकडो नावं आहेत. गाण्यात तुआहिने आला की जाणकाराला कळतं, जीव मानोआत अडकलाय. पत्ता न सांगता सांगितलेला पत्ता! मला तर यापेक्षा सुंदर विरह माहीत नाही.

लेहुआ म्हणजे ओहिआ झाडाचं लाल झुबकेदार फूल, ताज्या लाव्हाच्या खडकावरसुद्धा उगवतं. तिथली दंतकथा अशी, ज्वालामुखीची देवी पेले हिला ओहिआ नावाचा तरुण आवडला, पण त्याचं मन लेहुआ नावाच्या मुलीवर, म्हणून रागाने तिने त्याचं वेडंवाकडं झाड केलं आणि मग इतर देवांना दया आली, त्यांनी लेहुआला त्याच झाडाचं फूल केलं. फूल तोडलं की पाऊस येतो म्हणतात, ताटातुटीचे अश्रू.

१८९३ मध्ये लिलिउओकलानींची गादी गेली आणि प्रेमिकांच्या निरोपाचं हे गाणं लोक आपल्या राज्यासाठी रडत गाऊ लागले. १८९६ च्या कायद्याने शाळेतून हवाईयन भाषाही गेली, राजभाषेचा मान परत मिळाला तो थेट १९७८ मध्ये. भाषाच गेली असती तर पावसांची ही नावं तरी कोणी सांगितली असती?

म्हणून एकच विनंती, यापुढे या गाण्यांचा मराठी अनुवाद छापाल तेव्हा 'रिमझिम पाऊस' असं करून टाकू नका. तुआहिने तुआहिनेच राहू द्या, खाली एका ओळीत मानोआ कुठे आहे तेवढं सांगा.

आपली,
एक वाचक, सातारा