अक्का, हातानं बघायला शिकवलंत म्हणून

प्रिय अक्का,

निवृत्त होऊन तुम्ही निपाणीला गेलात, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिण्याचं धाडस करतेय. इथं असता तर "पुरे की आता" म्हणून गप्प बसवलं असतंत.

बेळगावच्या आमच्या डायलिसिस विभागात वजन आणि बीपी लिहून घ्यायला कुणीही शिकवलं असतं. पेशंटच्या अंगाला हात लावून बघायला तुम्ही शिकवलंत.

खानापूरकडच्या त्या अंथरुणाला खिळलेल्या आजी! वजन वाढलेलं, पण पावलं कोरडी. सूज नाहीच, असं सून सांगत होती. तुम्ही आजींना कुशीवर वळवलंत, माकडहाडावर अंगठा दाबून धरलात आणि उचललात. खळगा तसाच राहिला. पडून असलेल्या माणसाचं पाणी पायात कशाला उतरेल, ते पाठीकडं साठतं. मग स्टेथोस्कोप पाठीला, अगदी खाली लावून मला फुप्फुसात पाणी साठल्याची चरचर ऐकवलीत आणि लगेच डॉक्टरांना बोलावलंत.

फिस्टुलाचं, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला हातातली धमनी शिरेला जोडून केलेल्या जागेचं, तर विचारूच नका. सुई हातात घेण्याआधी बघायचं, चाचपायचं, ऐकायचं. बोटांना थरथर लागली पाहिजे, कानाला सलग घरघर. थरथर जाऊन नुसते ठोके उडायला लागले तर पुढं शीर अरुंद झाली असेल. हात वर करायला लावला की फुगलेली शीर बसते. नाही बसली तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं. बोटं गार पडून दुखत असतील तरीही. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगड्याही नाहीत. सवाष्णीचा हात मोकळा कसा ठेवू, म्हणून एक बाई अडून बसल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या हातात दुप्पट भरा की!" बाई हसल्या आणि बांगड्या उतरल्या. हे कुठल्या पुस्तकात असणार?

चंदगडकडच्यांशी मराठी, बैलहोंगलकडच्यांशी कन्नड. तुमचं बोलणं सुरू असायचं आणि बोटं आपलं काम करत असायची.

अक्का, मनापासून आभार. आणि एक मागणं आहे. अंगात पाणी वाढलं की फुगणारी मानेची शीर नव्या पोरींना ओळखता येत नाही. पेशंटला 45 अंशांत टेकवून ती कुठवर फुगलीय ते बघायचं, हे सांगते मी, पण तुमच्यासारखं समजावता येत नाही. दिवाळीनंतर एक दुपार काढून या. कुंदा आमच्याकडून.

तुमची,
डायलिसिसमधली धाकटी