चार वर्षांच्या हातात पेन्सिलच कशाला?

महोदय,

माझी नात चार वर्षांची. शाळेतून रोज पानभर 'अ' गिरवण्याचा गृहपाठ येतो आणि घरात रडारड सुरू होते. परवा पेन्सिल बाजूला ठेवली. संत्रं सोलून फोडी मोजल्या. दहा निघाल्या, एक तोंडात टाकून तीच म्हणाली, "आता नऊ!" बिया मांडून ४ काढला, तोही उलटा. परातीत रवा पसरून बोटानं 'ग' गिरवला, गणपतीचा.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकण्यावरच भर देतं. मग बालवर्गात अजून वह्या का भरवून घेतात? पालकसभेत विचारलं, तर उत्तर मिळालं, "बाकी पालकांनाच लेखन हवं असतं." तेही खोटं नाही म्हणा.

– एक आजोबा, महाल, नागपूर