मुक्ताच्या पहिल्या शोची खरेदी

पुणे,
४ नोव्हेंबर

प्रिय अविनाश,

मुक्ताच्या घोडेस्वारीच्या पहिल्या शोसाठीची तुझी यादी मिळाली. कोट, पांढरी ब्रीचेस (घोडेस्वारीची तंग विजार), लाँग बूट, हातमोजे, छडी, आणि सगळ्यात शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, "हेल्मेट क्लबचं चालेल ना?" नाही चालणार. ही यादी आता खालून वर वाच. डोकं आणि पाय यांवर हात सैल सोड. बाकीचं शिवून, मागून, दुसऱ्याच्या पोरीला आखूड झालेलं घेऊन निभावतं.

क्लबचं हेल्मेट का नाही, ते आधी. आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो, तो आपटल्यावर चेपतो आणि डोक्याला बसणारा दणका स्वतःवर घेतो. एकदा चेपला की तो परत फुगत नाही. वरचं कवच मात्र तसंच चकचकीत दिसत राहतं. क्लबच्या कपाटातलं हेल्मेट किती पोरांबरोबर किती वेळा खाली आलंय, हे बघून कळत नाही. म्हणून हेल्मेट जुनं कधीच घ्यायचं नाही, मग कितीही घरातल्या माणसाचं असो. पडल्यावर बदलायचं आणि न पडता वापरलं तरी पाचेक वर्षांनी बदलायचं. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही, उष्णतेने आतला थर आणि डिंक दोन्ही खराब होतात. कवचावर स्प्रे पेंटने नाव घालायचंही मनात आणू नकोस.

माप असं घे. शिंप्याची टेप भुवयांच्या वर एक बोट आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आलाय तिथून फिरव. तीनदा मोज आणि सगळ्यात मोठा आकडा धर. केस शोच्या दिवशी बांधणार तसेच बांधलेले हवेत. एरवी मोकळ्या केसांवर घेतलेलं हेल्मेट त्या दिवशी बसत नाही. डोक्यावर चढवल्यावर पुढची कड भुवयांपासून साधारण इंचभर वर आली पाहिजे. मग पट्टा न लावता तिला मान जोरात हलवायला सांग. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर माप बरोबर. हेल्मेट एकीकडे आणि भुवया दुसरीकडे असं झालं तर मोठं आहे. मागची चकती पिळून मोठं हेल्मेट घट्ट करता येतं असं दुकानदार सांगेल. चकती शेवटचा सूतभर फरक भरून काढायला असते, चुकलेला नंबर झाकायला नाही.

ठीक बसलंय असं वाटलं की दहा मिनिटं डोक्यावर राहू दे. काढल्यावर कपाळ बघ. कपाळाच्या मधोमध लाल वण आणि कानशिलाला बोट जाईल एवढी फट, म्हणजे पोरीचं डोकं लांबट आणि हेल्मेट गोल. कानशिलं दुखतायत पण पुढेमागे पोकळ लागतंय, तर उलटं. दोन्ही वेळा नंबर वाढवून उपयोग नाही, कंपनी बदलायची. "वाढत्या अंगाचं" हे धोरण कपड्यांना लाव, हेल्मेटला अजिबात नको.

आतलं लेबल वाच. एएसटीएम एफ ११६३, पीएएस ०१५, व्हीजी १ किंवा ईएन १३८४ यांपैकी एखादं सुरक्षेचं मानक हवं, आणि शोच्या प्रॉस्पेक्टसमध्ये (माहितीपत्रकात) कोणतं मानक मागितलंय तेही ताडून पाहा. आयएसआयचा शिक्का असलेलं दुचाकीचं हेल्मेट इथे कामाचं नाही. ते जड असतं, मानेवर भार येतो आणि कान झाकल्यामुळे शिक्षकांचं बोलणं ऐकू येत नाही. सायकलचं तर डोक्याच्या मागच्या बाजूला फारच वर संपतं.

केसांचा अंबाडा मानेवर, हेल्मेटच्या कडेखाली. वर बांधलेला अंबाडा हेल्मेटला उचलून धरतो आणि पुढची कड डोळ्यावर आणतो. वर जाळी लाव, जाळ्या दोन घे, एक फाटतेच. हेल्मेटच्या आत लोखंडी आकडे नकोत. आणि वहिनींना सांग, गजरा बक्षीस समारंभाला.

आता पाय, आणि खरं घोडं इथेच पेंड खातं. घोड्यावरून पडणं ही एक गोष्ट, आणि पडताना पाऊल रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, अडकून फरफटत जाणं ही दुसरी. पहिल्याला हेल्मेट आहे. दुसरं टाळायला बूट आणि रिकीब यांची जोडी जुळावी लागते, आणि पालक बूट घेतात तेव्हा रिकिबीकडे बघतही नाहीत.

बुटाला टाच हवी, साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. तळ जवळजवळ गुळगुळीत हवा, म्हणजे निघताना अटकत नाही. स्पोर्ट्स शूज या दोन्ही कसोट्यांत नापास: टाच नाही, तळाला खाचा, वर नाड्यांचे फास. गमबूटही नको. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, बाजूला इलॅस्टिक किंवा पुढे चेन असलेला जोधपूर बूट तिच्या वयाला उत्तम.

तो बूट घालून पाऊल जिथे सगळ्यात रुंद आहे तिथली रुंदी मोज. रिकिबीची आतली रुंदी त्याहून दोन ते अडीच सेंटिमीटर जास्त असावी, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटिमीटर मोकळं. मुक्ताचा बूट आठ सेंटिमीटरचा निघाला तर तिला दहा-साडेदहाची रिकीब लागेल. क्लबच्या खोगिराला बहुधा मोठ्या माणसाची, बाराच्या आसपासची लटकलेली असते. त्यातून पोराचा अख्खा बूट पलीकडे जातो. उलट अरुंद रिकिबीत तो पाचरीसारखा बसतो. त्यामुळे क्लबमध्ये जाताना टेप खिशात असू दे.

मुलांसाठी पीकॉक रिकीब मिळते. तिच्या एका बाजूला लोखंडाऐवजी जाड रबराची रिंग असते. पायाचा झोका बसला की रिंग सुटते आणि पाऊल बाहेर येतं. रबर दोन्ही बाजूंना बाहेरच्या अंगाला हवं, घोड्याच्या पोटाकडे नाही. खोगीर पुसून परत लावताना डावी-उजवीची अदलाबदल होते आणि रबर आत जातं, म्हणून बसण्याआधी दर वेळी नजर टाकायची. उन्हाने रबराला भेगा पडतात, जादा दोन रिंगा पिशवीत ठेव. ही रिकीब हलक्या वजनासाठीच असते, तू हौसेने चढू नकोस. आणखी एक: रिकिबीची वादी, म्हणजे ती टांगायचा चामडी पट्टा, खोगिराच्या ज्या पट्टीवर अडकते, तिच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते. बसताना ती उघडी, सरळ हवी, म्हणजे वेळ आली तर वादीच सुटून येते. मोतद्दार नीटनेटकेपणा म्हणून ती वर करून ठेवतात, तेवढं विचारून घे.

डाव्या बाजूने चढण्याने डावी वादी ताणून लांब होते. मुलगी एका अंगाला कलते आणि लोक तिच्या मांडेला नावं ठेवतात. महिन्या-दोन महिन्यांनी वाद्या आलटून-पालटून लाव. पोराला लागतात तेवढी वरची भोकं वादीत नसतात. ती पंचाने पाडायची, दोन्ही वाद्या शेजारी ठेवून एकाच मापाने. तापवलेल्या खिळ्याने पाडलेल्या भोकाशी चामडं जळून कडक होतं आणि तिथेच तुटतं.

लाँग बूट यादीतून काढ. चामड्याचा नवा लाँग बूट गुडघ्यामागे टोचेल एवढा उंच घ्यावा लागतो, कारण वापरून घोट्याशी सुरकुत्या पडल्या की तो दोन-तीन सेंटिमीटर खाली बसतो. तो बसेपर्यंत अकरा वर्षांच्या पोरीची पोटरी आणि पाऊल दोन्ही पुढे गेलेली असतात. त्याऐवजी जोधपूर बुटावर हाफ चॅप्स, म्हणजे पोटरीला गुंडाळायची चामडी आवरणं, घाल: काळ्या, साध्या, गुळगुळीत चामड्याच्या, बुटाच्याच रंगाच्या, झालरी नसलेल्या. चेन पायाच्या बाहेरच्या बाजूला येते. पहिल्या दिवशी ती शेवटची दोन बोटं लागणारच नाही एवढी घट्ट हवी, कारण चामडं सैलावतं. आयोजकांना फोन करून मुलांच्या वर्गात हाफ चॅप्स चालतात ना, एवढं पक्कं करून घे. आणि बुटाला पॉलिश करताना आतली बाजू सोड. तिथलं काळं पॉलिश खोगिराला आणि घोड्याच्या अंगाला लागतं, शिवाय पाय घसरतो.

कानपूरला खोगिरं आणि चामड्याचं सामान परदेशी पाठवण्याइतकं चांगलं बनतं, तेव्हा वाद्या, तंग (खोगीर आवळायचा पट्टा), चॅप्स यांसाठी आयात मालाच्या मागे लागू नकोस. टाके मात्र बघ: पातळ चामड्यावर लांब लांब टाके असतील तर ठेवून दे.

कपड्यांचं थोडक्यात. जोधपुरी विजार आपल्याकडचीच. सर प्रताप सिंह १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाला पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले, तेव्हा ती तिकडे गाजली. तिला घोट्यापर्यंत पाय असतात. ब्रीचेस पोटरीवर संपतात आणि चॅप्सखाली चोळामोळा होत नाहीत, म्हणून ब्रीचेस घे. पांढऱ्या किंवा फिक्या बदामी. कापडाच्या आत हात घालून उजेडात धर. बोटं मोजता आली तर घामाने सगळं दिसणार. आत कातडीच्या रंगाची, बिनशिवणीची चड्डी, पांढरी नको, पांढऱ्याखाली पांढरं उठून दिसतं. गुडघ्याशी सिलिकॉनची पकड पुरे. बुडाखालपर्यंत सिलिकॉन असलेल्या ब्रीचेस पोराला खोगिराला चिकटवून ठेवतात आणि उठबस करायची तिथे ती अडखळते, असं माझं मत. सिलिकॉनवर इस्त्री फिरवू नका, वितळतं. आदल्या दिवशी खोगिराला साबण-तेल केलंत तर कोरड्या फडक्याने चांगलं घासा, नाहीतर पांढऱ्यावर तपकिरी नकाशा उमटेल.

कोट शिंप्याकडून शिवायला माझी हरकत नाही, पण तो लग्नातला ब्लेझर शिवून देईल. त्याला दोन गोष्टी सांग. बगलेची गोलाई वर, अंगालगत घे, आणि अस्तर अर्धंच लाव. बगल खाली उतरली की उडीच्या वेळी हात पुढे जाताच अख्खा कोट मानेपासून सुटून वर येतो. ट्रायलला मुक्ताला खुर्चीवर उलटं, पाठीकडे तोंड करून बसव, हातात दोरी दे, हात घोड्याच्या मानेवर नेल्यासारखे पुढे ढकलायला लाव. कॉलर मानेला चिकटून राहिली, बाही मनगटाच्या हाडाशी थांबली आणि मागची कड खुर्चीला टेकली नाही, तर कोट झाला. बाहीत तीन सेंटिमीटर कापड दुमडून ठेवायला सांग, पुढच्या वर्षी सोडता येईल. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीही तिशीच्या वर पारा असतो. उकाड्यामुळे पंचांनी कोट काढायची परवानगी दिली तर आतला शर्ट दिसणार, म्हणून तो बाह्यांचा आणि पांढऱ्या कॉलरचा हवा. स्टॉक, म्हणजे गळ्याभोवतीचा पांढरा पट्टा, बांधलाच तर पिन आडवी लाव. उभी पिन पडताना गळ्यात घुसते.

हातमोजे ड्रेसाजला (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या चाचणीला) पांढरे, उडीला काळे चालतील, पण मापात. बोटांची टोकं मोकळी लोंबली तर लगाम निसटतो. छडी उड्यांना ७५ सेंटिमीटरच्या आतली. टाचेचे काटे नकोत. तिची टाच अजून स्थिर नाही.

बॉडी प्रोटेक्टर, म्हणजे छाती-पाठ झाकणारं फोमचं जाकीट, उड्यांना सक्तीचा नसला तरी घेच, सगळ्यात जास्त संरक्षणाच्या लेव्हल ३ चा. आधी खांद्याचे पट्टे, मग कमरेचे. मागचा वरचा काठ मानेच्या तळाच्या टपोऱ्या हाडापर्यंत यायला हवा, पुढे शेवटची बरगडी झाकून इंचभर खाली. खोगिरावर बसल्यावर खालची कड आणि खोगीर यांत १० ते १२ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर दर पावलाला तो ढकलला जाऊन हेल्मेटला मागून टेकतो. फोम अंगाच्या उबेने नरम होतो, म्हणून पाच मिनिटांनी पट्टे परत आवळ.

घोड्याच्या सामानात एकच घोळ नेहमी होतो. ड्रेसाजच्या चाचणीत मार्टिंगेल (घोड्याला डोकं फार वर उचलू न देणारा पट्टा) आणि घोड्याच्या पायांचे बूट चालत नाहीत, उड्यांना दोन्ही चालतात. सरावाला चढवलेले बूट काढायचे राहतात आणि पोरगी अरीनात बाद होते. हे काम एकाच माणसाकडे दे, शक्यतो तुझ्याकडे. खोगिराखालचा पांढरा नमदा तंग आवळण्याआधी घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्यावरून वर ओढून घ्यायचा, ताणलेला नमदा तिथे काचतो.

शोच्या आठ दिवस आधी सगळं अंगावर चढवून, त्याच घोड्यावर, पूर्ण एक तास. नवे बूट त्या आधी घरात रोज अर्धा तास. टाच सोलायची ती घरीच सोलू दे. शोच्या दिवशी ब्रीचेसवर जुनी ट्रॅक पँट, कोट गाडीत टांगलेला, आणि तिचा नंबर पुकारायच्या दोन घोडे आधी पांढरं उघडं करायचं, त्याआधी नाही.

घोडामैदान जवळ आलंय, तेव्हा रविवारपर्यंत तीन मापं कळव: डोक्याचा घेर, बुटाची रुंदी आणि क्लबच्या रिकिबीची आतली रुंदी. जमलं तर खोगिराच्या त्या खिट्टीचा जवळून एक फोटोही पाठव.

तुझा,
श्री