सही घेतली म्हणजे ट्रेनिंग झालं का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर झालेय, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. हॉस्पिटलमधे नवीन लागलेल्या मावशी, मामा, वॉर्डबॉय यांना काम शिकवतं कोण? डॉक्टरांच्या, नर्सच्या शिक्षणावर सगळे बोलतात, पण दिवसभरात पेशंटला सगळ्यात जास्त हात लागतो तो ह्याच लोकांचा. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं, एक्सरेला नेणं, सगळं तेच करतात.

माझ्याच ड्युटीतली गोष्ट सांगते. अर्धांगवायूचा झटका आलेले एक आजोबा होते, त्यांना गिळता येत नव्हतं, तोंडावाटे काही द्यायचं नाही असं फाइलवर लिहिलेलं. एक पोरगा आदल्याच दिवशी कामाला लागला होता, आजोबांनी पाणी मागितलं तर त्याने झोपलेल्या अवस्थेतच पाजलं. जोरात ठसका लागला, पाणी श्वासनलिकेत गेलं, नंतर न्यूमोनिया झाला, कसेबसे वाचले. सगळे पोरावर तुटून पडले. अहो पण तहानलेल्या माणसाला पाणीच दिलं ना त्याने, फाइल बघायची असते हे त्याला सांगितलं कोणी होतं? पहिल्या दिवशी युनिफॉर्म दिला, हॉलमधे बसवून स्लाइड दाखवल्या, कागदावर सही घेतली आणि वॉर्डात सोडलं. त्या कागदावर 'प्रशिक्षण पूर्ण' असं छापलेलं होतं, ते अजून आठवलं की मला राग येतो.

परीक्षा घ्यायची तर हाताची घ्या. हात कसे धुवायचे हे तोंडी सगळे सांगतात, पण बेसिनपाशी उभं राहून बघा, अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. जागतिक आरोग्य संघटना साबणाने धुवायला 40 ते 60 सेकंद सांगते, प्रत्यक्षात कित्येकांचं दहा सेकंदात उरकतं. श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट आणि पेशंटच्या लक्षात न येऊ देता, कारण कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. मी तर सगळ्या बेडच्या चार्टवर एकच आकडा लिहिलेला पाहिलाय. आणि लुळ्या हाताला धरून पेशंटला ओढलं की खांदा निखळू शकतो, हे स्लाइड बघून नाही हो कळत, कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

लेखी पेपर तर नकोच. काही मावशींना नीट लिहिता येत नाही पण त्यांच्याइतक्या हळुवारपणे कूस बदलणारं मी कोणी पाहिलं नाही, अशा बाईला पेपरात नापास करून काय मिळवणार?

इंग्लंडमधे 2015 पासून अशा नवीन लोकांसाठी केअर सर्टिफिकेट आहे. त्याआधी मिड स्टॅफर्डशरमधल्या एका हॉस्पिटलमधे पेशंटचे फार हाल झाले होते, त्याची चौकशी झाली, मग हे सुरू झालं. सुरुवातीला त्यात 15 विषय होते, आणि नुसती माहिती विचारून भागत नाही, खऱ्या पेशंटचं काम करताना कोणीतरी बघून मगच पास करायचं.

कुठल्याही हॉस्पिटलमधे हे जमण्यासारखं आहे, फक्त शिकवणाऱ्या सिस्टरला त्यासाठी ड्युटीत वेळ द्यायला हवा. स्वतःचे सगळे पेशंट सांभाळून वर नवीन माणसावर नजर ठेव म्हटलं की ती बिचारी सही करून मोकळी होते, मीही घाईत अशा सह्या केल्यात आणि त्याचं वाईट वाटतं. एखाद्याला जमलं नाही तर काढून टाकू नका, परत शिकवा, परत बघा, तोवर त्याला एकट्याला बेडपाशी पाठवू नका. आणि त्या कागदावर शिकणाऱ्याच्या सहीशेजारी, ज्याने प्रत्यक्ष उभं राहून काम बघितलं त्याचंही नाव आणि तारीख असू द्या.

आपली,
एक निवृत्त सिस्टर