बाबांना झोपवून ठेवू नका म्हणतात

नौपाडा, ठाणे

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, "आई, दोन महिने त्यांना पलंगावरून उठू देऊ नकोस." बाबा समोरच बसले होते, त्यामुळे तेव्हा काही बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

आम्ही त्यांना उठवतो ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. मणक्याचं ऑपरेशन केलं तेच मुळी लवकर उठता यावं म्हणून.

गणपतीसाठी मखर काढताना स्टुलावरून पडले ते बसल्यासारखे आपटले. पाठीचे बारा मणके बरगड्यांमुळे ताठ असतात, कमरेचे पाच हलते. ताठ भाग संपून हलता सुरू होतो तिथे असा मार हमखास बसतो. बाबांचा कमरेचा पहिला मणका, एल-वन, नुसता दबला नाही, फुटला. त्यातला एक तुकडा मागे नसांच्या पोकळीत सरकला होता. मज्जारज्जू त्याच सुमाराला संपतो, म्हणून कॅज्युअल्टीत जो तो विचारत होता, बोटं हलतात का, लघवीची जाणीव आहे का. माझा सगळा जीव त्यांच्या पायाच्या अंगठ्यात होता. हलला. वॉचमन तर हातापायाला धरून उचलायलाच निघाला होता. तिसऱ्या मजल्यावरची फिजिओ शिकणारी मुलगी ओरडली म्हणून थांबला, आणि स्ट्रेचर येईपर्यंत आम्ही त्यांना तसंच सपाट राहू दिलं.

फुटलेल्या मणक्याच्या वर आणि खाली टायटॅनियमचे स्क्रू घातलेत, दोन्ही बाजूंनी दांडे. पण स्क्रू हाड जोडत नाहीत गं. आपल्या बिल्डिंगला दुरुस्तीसाठी परांची बांधली आहे ना, तसे ते आधाराला. आतलं काम हाडानेच करायचं, आणि त्याला साधारण तीन महिने लागतात. हाड जुळलंच नाही तर पुढे स्क्रू ढिले होतात, दांडासुद्धा मोडतो.

समोरच्या काकू रोज विचारतात, "मला मणक्यात सिमेंट भरून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, यांना एवढं कशाला?" त्यांचा मणका ठिसूळपणाने नुसता चेपला होता. बाबांचा तुकडा मागे सरकलेला, तिथे सिमेंट झिरपलं तर नसांवरच जायचं. हे त्यांना दोनदा सांगितलं, आता नुसती हसते. तेलमालीशवाला सुचवणारे वेगळेच.

आता बेल्ट लावून ते हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या घालतात. कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदम वळवायची, कंबर पिळायची नाही. वाकणं बंद, बादली बंद, जमिनीवर बसणं बंद. गणपतीची पूजा काकांनी केली, हे खुर्चीवरून मंत्र दुरुस्त करत होते. रिक्षाही बंद, आपल्याकडचे खड्डे तुला माहीत आहेत. पायातला जोर कमी झाला, लघवी अडली किंवा टाक्यांतून पाणी आलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, एवढं मी पाठ केलंय.

स्टूल तर दोन फुटांचंही नव्हतं, तेवढ्यावरून मणका फुटला म्हणून हाडं किती भरीव आहेत ते बघणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व सांगितलंय. ठिसूळ हाडं फक्त बायकांची, असं यांना वाटायचं.

तुला दटावायचंच असेल तर तंबाखूवरून दटाव. निकोटिनने हाड जुळायला अडथळा येतो, हे सर्जननी त्यांच्या तोंडावर सांगितलं. हॉस्पिटलमध्ये सुटली होती. परवा वॉचमनकडे चुन्याची डबी मागताना मी पकडलं. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. फोन चारच्या सुमाराला कर, चहानंतर त्यांना तलफ येते.

तुझी आई