लॅमिनेशन नको, साधी फ्रेम बरी

दिवंगत आईवडिलांनी हौसेने काढलेली चित्रे जपण्याविषयीचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र त्यातला 'चित्रे लॅमिनेट करून घ्या' हा सल्ला घातक आहे. लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिकचा चिकट थर १०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला कागदावर दाबला जातो. कागदाला इजा न होता तो पुन्हा निघत नाही. स्वतःच्या मनाने शिकलेला माणूस हाताशी असेल त्यावर चित्र काढतो: कॅलेंडरची पाठ, मुलांचे मेणखडू, स्केचपेन. यातला मेणखडू त्या उष्णतेने वितळून पसरतो.

त्यापेक्षा फ्रेम करावी, पण फ्रेमवाल्याला बजावून. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची (चित्राभोवती बसवायच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट हवीच. नाहीतर पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो, बुरशी धरते. मागे थेट हार्डबोर्ड लावला की त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून मध्ये ॲसिड-फ्री बोर्ड घालायला सांगावे. सेलोटेपला तर हातच लावू देऊ नये (बहुतेकांना ती खोड असते). त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो.

स्केचपेनचा रंग उजेडात लवकर उडतो. अशी चित्रे ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून भिंतीवर प्रत लावावी आणि मूळ चित्र कोरड्या कपाटात आडवे ठेवावे. पाठीमागे साल, ठिकाण लिहायचे तर मऊ शिसपेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

– एक वाचक, रत्नागिरी