निधनवार्तेत राहून गेलेले रान

मा. संपादक महोदय,

आमच्या काकांच्या निधनाचे वृत्त आपण तत्परतेने प्रसिद्ध केलेत, याबद्दल कुटुंबीयांच्या वतीने आभार मानते. निवृत्त मराठी प्राथमिक शिक्षक, वय ९२, पश्चात पत्नी, पुत्र, कन्या, सुना, जावई व नातवंडे असा परिवार, ही माहिती बिनचूक आहे. तिच्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे रान तेवढे राहून गेले, आणि ते वगळून काकांची ओळख पुरी होत नाही, म्हणून हे पत्र.

१९६१च्या गोवा मुक्तीनंतर गावोगाव ज्या मराठी शाळा उघडल्या, त्यांपैकी एकीत ते रुजू झाले, तेव्हा सत्तरीतील बहुतेक गावांना धड रस्ता नव्हता. ओहोळाचे पाणी उतरेपर्यंत काठावर थांबायचे आणि मग पुढची वाट धरायची, अशा नोकरीत म्हादईच्या खोऱ्यातील पायवाटा, झरी आणि देवराया त्यांना पाठ झाल्या. पुढे स्कूटर आली, तरी चालणे सुटले नाही.

अनेक पुरुष घरापासून सुटका म्हणून रानात जातात. काका घरच रानात नेत. सुट्टीच्या दिवशी काकी, मुले, आम्ही पुतणे-पुतण्या आणि शेजारचे कोणी असा लवाजमा नदीकाठी जाई, तिथे तीन दगडांची चूल मांडून काटेकणगी हे कंद उकडले जात आणि मुले गरी टाकून बसत. मासा लागलाच पाहिजे असा हट्ट नसे, कारण काकीने सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर घरूनच आणलेली असे. वाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना मुलींनी रानात हिंडणे रुचत नसतानाही काकांनी आपल्या मुलींना आधी पोहायला शिकवले, मुलांना नंतर.

त्यांचे शिकवणे मोजक्या शब्दांचे होते. निरंकाराच्या देवराईत शिरण्यापूर्वी ते सर्वांना वहाणा काढायला लावत आणि रानटी जायफळीची, पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे दाखवून, दलदलीत झाडाला श्वास घेता यावा म्हणून ती अशी वाढतात, एवढेच सांगत. पावसाळ्यात अळमी, म्हणजे रानातली अळंबी, काढताना रोयण (वाळवीचे वारूळ) मोडायची नाही आणि कोवळी अळमी मागे ठेवायची, हा त्यांचा दंडक होता; तो मोडणाऱ्याला, मग तो जावई का असेना, सर्वांसमोर बोलणी बसत.

जानेवारी २०२०मध्ये सत्तरीतल्या गोळावली परिसरात चार वाघांना विष घालून मारल्याचे उघडकीस आले, तेव्हा ते कित्येक दिवस अस्वस्थ होते. तरीही ज्यांची गुरे वाघाने मारली त्यांना भरपाई वेळेवर मिळते का, हा प्रश्न भेटेल त्याला विचारल्याशिवाय ते राहिले नाहीत. उच्च न्यायालयाने २०२३मध्ये व्याघ्र क्षेत्र अधिसूचित करण्याचा आदेश दिला, त्याचे त्यांनी स्वागत केले. मात्र रानातल्या माणसांना विचारात न घेता रान राखता येईल, हे त्यांना कधीच पटले नाही. या विषयावर दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर एक दिवस चालायला हवे होते, असे मला वाटते.

वाळपईला गोव्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणतात. त्या पावसाची काकांनी आपल्यापुरती नोंद ठेवली होती: पहिली सर कधी आली, अळमी कधी उगवली, कोणत्या वर्षी कोणती झर उन्हाळ्यात आटली आणि त्याच दिवसांत घरात कोणाचे बारसे वा साखरपुडा झाला, हे सारे एकाच वहीत, एकाखाली एक. नदीला विचारल्याशिवाय ह्यांना घरातले लग्नही ठरवता येत नाही, अशी काकींची तक्रार असे.

या वह्यांच्या प्रती काढून गावच्या वाचनालयात ठेवण्याचे त्यांच्या मुलांनी ठरवले आहे. मात्र काही झरींची केवळ नावे आहेत, ठिकाण लिहिलेले नाही. त्या वाटांनी त्यांच्याबरोबर हिंडलेले पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आता वयाच्या सत्तरीच्या आसपास पोहोचले असतील. त्यांच्यापैकी कोणाला ती ठिकाणे ठाऊक असल्यास त्यांनी घरी येऊन सांगावीत, अशी काकींची इच्छा आहे.

आपली नम्र,
काकांची पुतणी, वाळपई (सत्तरी)